पुष्पिका नसलेली प्रत : जुन्या इलेक्ट्रॉनिक ड्रममधल्या नकललेल्या चिपची पाठचिकित्सा

१

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात माझे रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. महाविद्यालयाचे तोंड मी पाहिलेले नाही. जुन्या पोथ्या वाचण्याचा नाद मात्र विशीत लागला. एका महानुभाव वासनिकाच्या घरी रेडिओ दुरुस्त करायला गेलो असताना तिथली फडक्यात गुंडाळलेली पोथी पाहायला मिळाली, तेव्हापासूनचा. पुढची तीस वर्षे दिवसा कावीया आणि रात्री पोथी अशी गेली. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कधी वाटले नव्हते. तो संबंध एका नकललेल्या चिपने दाखवला. हा लेख त्या चिपविषयी आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचे सामान मी उचलले. त्यात ‘ड्रम्युलेटर’ नावाचे ड्रम मशीन होते. कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीने १९८३ साली ते बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत ९९५ डॉलर होती. खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारे यंत्र हजार डॉलरच्या आत मिळू लागले, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. माझ्याकडे आलेल्या यंत्राचे दिवे लागत होते, ताल पुढे सरकत होता, पण आवाजाच्या जागी खरखर येत होती. आवाज साठवलेल्या चिप, म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत आयसी, खराब झाल्या होत्या.

ई-म्यू ही कंपनी १९९३ साली क्रिएटिव्हने विकत घेतली. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचे भाग आता कोणताही कारखाना करत नाही. मग उरतो तो नकललेल्या चिपचा बाजार. कोणीतरी चांगल्या यंत्रातली चिप वाचतो, तिच्यातले आकडे कोऱ्या चिपवर उतरवतो आणि विकतो. मी असा एक संच मागवला. पार्सल आधी मुंबईच्या गोरेगावला जाऊन आले आणि तीन आठवड्यांनी आमच्या गोरेगावला पोचले. चिपच्या पाठीवर कागदाची पट्टी होती आणि पट्टीवर पेनाने एकच शब्द लिहिला होता : ड्रम.

२

ही चिप म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगतो. १९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम नावाची स्मृती-चिप तयार केली. वीज बंद केली तरी हिच्यातली माहिती टिकते. पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. तिच्यावर अतिनील दिव्याचा प्रकाश पंधरा-वीस मिनिटे पाडला की आतले सगळे पुसले जाते आणि चिप पुन्हा लिहिता येते. म्हणून लिहिलेल्या चिपच्या खिडकीवर पट्टी चिकटवतात. पुसलेल्या ईप्रॉममध्ये प्रत्येक बिट १ असतो आणि लिहिताना हवे तिथे ० केले जाते. आतला विद्युतभार वर्षानुवर्षे कणाकणाने गळतो, तशी चिप पुन्हा कोरेपणाकडे जाऊ लागते. कागदाला कसर लागते, तसेच हे.

ड्रमचा एक ठोका अशा चिपमध्ये केवळ आकड्यांची रांग म्हणून असतो. समजा, सेकंदाला २८,००० आकडे वाचले जातात आणि चिपमध्ये ४,०९६ आकड्यांची जागा आहे. मग तिच्यात मावणारा आवाज सेकंदाच्या सातव्या भागाएवढाच. रॉजर लिन यांनी १९८० साली आणलेल्या एलएम-१ या यंत्रात मोठ्या झांजेचा आवाज नव्हता, त्याचे कारण हेच. झांज खूप वेळ घुमते, आणि तेवढी स्मृती त्या वेळी परवडत नव्हती. जवळपास पाच हजार डॉलर किमतीच्या आणि जेमतेम पाचशे नग बनलेल्या त्या यंत्रात झांज वगळली गेली ती सौंदर्यदृष्टीने नव्हे, जागा नव्हती म्हणून. १९८२ च्या लिनड्रममध्ये स्मृती वाढली आणि झांज आली.

इथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. त्याच काळातले रोलंड कंपनीचे टीआर-८०८ हे यंत्र कोणाचाही ध्वनिमुद्रित ठोका वाजवत नाही. त्याचा आवाज विजेच्या मंडलातूनच जन्माला येतो. हिंदी चित्रपटसंगीतात वाद्ये वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत याच यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. ती तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही. २०१० साली तिची नवी आवृत्ती निघाली आणि जगभर चर्चा झाली. त्या तबकडीतल्या ठेक्यामागे कोणा ड्रमवादकाचा हात शोधू गेलो तर तो सापडणार नाही, कारण तो नव्हताच. ड्रम्युलेटर किंवा लिनड्रमच्या चिपमध्ये मात्र हात आहे. कोणीतरी एका दिवशी, एका खोलीत, एका कातड्यावर काठी मारली होती. ८०८ ची नक्कल ही मंडलाची नक्कल आहे. चिपची नक्कल ही एका माणसाच्या क्षणाची नक्कल आहे. दोन्हींना आपण ‘जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम’ असे एकच नाव देतो आणि त्यामुळे पुढचा प्रश्न दिसेनासा होतो.

३

नव्या चिप बसवल्या. यंत्र वाजू लागले. पण झांजेच्या शेवटी ‘टक’ असा आवाज येत होता, आणि टाळी मला ओळखीची वाटेना. पुण्यातल्या एका मित्राकडे हेच यंत्र मूळ चिपसह आहे. त्याने आपल्या चिप वाचून त्यातले आकडे पाठवले. मी माझा नकललेला संच वाचला आणि दोन्ही रांगा समोरासमोर ठेवल्या. हे काम करताना जाणवले की आपण पाठभेद नोंदवत आहोत. मोठ्या माणसांनी जे पोथ्यांवर केले, तेच.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्या कामाची जी शिस्त घालून दिली, तिच्यातला एक साधा धडा असा : चूक ही शत्रू नाही, चूक साक्षीदार आहे. दोन प्रतींत एकच चूक असेल तर त्या एकाच आजीच्या नाती. माझ्या संचात तीन गोष्टी निघाल्या. बहुतेक आवाज मुळाबरहुकूम होते, एकही आकडा वेगळा नव्हता. झांजेच्या शेवटच्या भागात मात्र ओळीने सगळे बिट १, म्हणजे कोरी जागा. नक्कल करणाऱ्याने लहान चिप वापरली असेल किंवा वाचन अर्ध्यावर तुटले असेल. पोथीचे शेवटचे पान गळावे तसे हे झाले होते. ‘टक’ आवाज त्या गळालेल्या पानाचा होता. आणि टाळी पूर्णपणे दुसरी होती. ती या यंत्राची नव्हतीच. दुसऱ्या कुठल्या तरी संचातली टाळी मधेच येऊन बसली होती. पाठचिकित्सेत याला संमिश्र पाठ म्हणतात.

विकणाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्याकडे आलेली प्रतही कोणाची तरी नक्कलच असणार. पण ‘ड्रम’ या एका शब्दापलीकडे त्या पट्टीवर काही असते, कोणत्या यंत्रावरून उतरवली, कोणत्या साली, काय बदलले, एवढे जरी असते, तरी मला दोन महिने खपावे लागले नसते. जुना लेखक पोथीच्या शेवटी पुष्पिका लिहायचा : कोणाची पोथी, कोणत्या शकात, कोणत्या गावी, कोणी उतरवली. वर हेही लिहायचा की समोर जसे होते तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका. त्या ओळींत नम्रता आहे तशीच जबाबदारीही आहे. नक्कल करणारा तिथे नक्कल म्हणून उभा राहतो.

आणखी एक गोष्ट. चिपमधले आकडे म्हणजे आवाज नव्हे. एलएम-१ आणि लिनड्रममध्ये आकड्यांचे विजेत रूपांतर करणारा जो भाग आहे, तो सारख्या अंतराच्या पायऱ्या वापरत नाही. हळू आवाजाला बारीक पायऱ्या आणि मोठ्या आवाजाला रुंद, अशी त्याची रचना आहे. तेच आकडे साध्या संगणकाला सरळ वाचायला दिले तर ठोका वेडावाकडा होतो. महानुभावांच्या सकळ लिपीची इथे आठवण होते. अक्षरे समोर असूनही किल्लीशिवाय वाचता येत नव्हती. वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली तेव्हा ग्रंथ बोलू लागले. म्हणून ‘मूळ यंत्राचा अस्सल आवाज’ असे सांगून कोणी नुसते आकडे विकतो, तेव्हा तो पोथी विकतो, पण लिपी विकत नाही. या अस्सलपणाच्या जाहिरातीकडे समीक्षकाने संशयानेच पाहिले पाहिजे.

४

एवढे वाचून कोणाला वाटेल की मी नकलेच्या विरोधात आहे. तसे नाही. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत हरवली. अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा सिद्ध केली आणि त्यातून वेगवेगळे पाठ निर्माण झाले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ आपल्यापर्यंत आला तो नकलेच्या वाटेने. नक्कल केली नसती तर शुद्ध पाठ राहिला नसता, काहीच राहिले नसते. विद्युतभार गळणाऱ्या चिपचीही हीच गत आहे. ज्याने पहिल्यांदा ड्रम्युलेटरची चिप वाचून ठेवली, त्याने जीर्णोद्धार केला.

याच ड्रम्युलेटरचा एक इतिहास तर नकलेकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलणारा आहे. यंत्रातले मूळ आवाज काढून त्या जागी नवे आवाज बसवता येतात, हे पीटर गॉचर आणि इव्हान ब्रूक्स या दोन तरुणांच्या लक्षात आले. त्यांनी ‘डिजिड्रम्स’ नावाने ड्रम्युलेटरसाठी पर्यायी चिप विकायला सुरुवात केली. आवाज कापायला-जोडायला सोपे जावे म्हणून त्यांनी संगणकावरचे साधन लिहिले. पुढे कंपनीचे नाव डिजिडिझाइन झाले आणि १९९१ साली त्यांनी ‘प्रो टूल्स’ आणले. आज जगातले बहुतेक मोठे ध्वनिमुद्रण स्टुडिओ ज्यावर चालतात ते हे साधन. एका परक्या यंत्राच्या सॉकेटमध्ये घालायच्या चिपपासून त्याचा उगम आहे. दुसऱ्याच्या यंत्रासाठी चिप करणे म्हणजे चोरी, असे सरसकट म्हणणाऱ्याला हा इतिहास अडचणीचा आहे.

पण डिजिड्रम्सने नवे आवाज घातले आणि चिप आपल्या नावाने विकली. माझ्या पट्टीवर फक्त ‘ड्रम’ होते. दोन्ही चिपच्या पोटात आकडेच आहेत. फरक पडतो तो पुष्पिकेने.

५

हात कोणाचा, हा प्रश्न अजून बाकी आहे. एलएम-१ मधले बहुतेक ठोके लॉस एंजेलिसच्या आर्ट वुड या ड्रमवादकाचे आहेत. हे आपल्याला कळते, कारण यंत्र करणाऱ्याने ते सांगितले. उलट उदाहरण ग्रेगरी कोलमनचे. ‘विन्स्टन्स’ या गटाच्या १९६९ मधल्या एका ध्वनिमुद्रिकेत त्याने वाजवलेला काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून वापरला गेला. कोलमनला त्यातून काही मिळाले नाही. २००६ साली तो गेला तेव्हा त्याला राहायला घर नव्हते. २०१५ साली लोकांनी वर्गणी काढून त्या गटाच्या प्रमुखाला काही हजार पौंड दिले, पण वाजवणारा तोवर उरला नव्हता.

आपल्या कायद्यात याविषयी काही आहे का, म्हणून शोधले. २००० साली भारतात चिपच्या रचनेचा कायदा झाला. तो चिपवरच्या मंडलाच्या मांडणीला दहा वर्षांचे संरक्षण देतो. त्या मांडणीत साठवलेल्या आवाजाशी त्याला कर्तव्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क नीट मांडला गेला आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपले नाव घेतले जाण्याचा नैतिक हक्कही मिळाला. मात्र त्याला एक अपवाद आहे : वापराच्या पद्धतीमुळेच नाव वगळावे लागत असेल तर ते चालते. आठ बिटांच्या चिपवर नाव कुठे लिहिणार, असे म्हणून हा अपवाद सहज पुढे करता येईल. पण खिडकीवरच्या पट्टीला तर जागा होती.

६

इथवर मी दुसऱ्यांच्या चिपबद्दल बोललो. आता माझ्या नकलेबद्दल सांगतो.

आमच्या भागात वरातीला, मिरवणुकीला आता ऑक्टापॅड असतो. रोलंडने १९८५ साली पहिला ऑक्टापॅड काढला तेव्हा त्याच्या पोटात स्वतःचे आवाजच नव्हते, तो दुसऱ्या यंत्राला नुसता हुकूम द्यायचा. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये सातशे आवाज आले आणि आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात तो घरचा झाला. २००३ च्या एसपीडी-एस मध्ये तर स्वतः ध्वनिमुद्रित केलेला आवाज कार्डावर ठेवता येऊ लागला. २००८ च्या चैत्रात एका वाजवणाऱ्या मित्रासाठी मी हलगीचे तीन ठोके मुद्रित केले. गावातले एक वयस्कर हलगीवादक होते, मी त्यांना मामा म्हणत असे. दुकानामागच्या बोळात काडाचा जाळ करून त्यांनी कातडे शेकले, बोटाने टिचकी मारून पाहिली, पुन्हा शेकले. मी माइक धरला. काम दहा मिनिटांत झाले. चहा आणि दोनशे रुपये दिले. कार्डावर आवाजांना नावे दिली : हलगी १, हलगी २, हलगी ३.

ते कार्ड या हातून त्या हाती गेले. प्रत्येकाने त्याची नक्कल केली. रिसोड, हिंगोली, जिंतूर, कुठल्याही वरातीत मला ते तीन ठोके ऐकू येतात. एका ठिकाणी तिसरा ठोका शेवटी तुटलेला होता. माझ्या झांजेसारखाच. मामा जाऊन आता काही वर्षे झाली.

विकत घेतलेल्या चिपवर ‘ड्रम’ हा शब्द वाचून जो वैताग आला, तो खरे म्हणजे मला माझ्याच अक्षरात परत मिळाला होता. हलगी १, हलगी २, हलगी ३.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवले की मामांचे नाव छापायचे. त्यांच्या मुलाला विचारायला गेलो. तो शहरात नोकरी करतो, दिवाळीला गावी येतो. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, बाबाची हलगी कुठं वाजली की मी गाडी थांबवून ऐकतो. पण नाव काहून लिहिता? नाव लिहिलं की लोक आधी आडनाव वाचतात. मंग हलगी राहते बाजूला.”

मला उत्तर सुचले नाही. गावगाड्यात हलगी हे वाद्य जातीच्या सक्तीच्या कामाला जुंपलेले होते : दवंडी, मिरवणूक, मयत. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेक घरांनी ती सक्ती झुगारली आणि तिच्याबरोबर वाद्यही खाली ठेवले. मामांनी ते ठेवले नाही, पण मुलाच्या हातीही दिले नाही. पुष्पिकेत नाव घालणे म्हणजे न्याय, असे मी पोथ्यांवरून शिकलो होतो. पोथी उतरवणाऱ्याने आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले होते, ही गोष्ट मात्र माझ्या नजरेतून निसटली होती. मी दुसऱ्याचे नाव लिहायला निघालो होतो, आणि पहिल्यांदा न विचारता गाळलेले नाव आता न विचारता घातले असते तर ती तितकीच मोठी चूक ठरली असती. नाव गाळण्याचा हक्कही वाजवणाऱ्याचा आणि त्याच्या घरच्यांचा आहे. कायद्याने तो अपवाद वापरणाऱ्याच्या सोयीसाठी ठेवला. त्यावर पहिला अधिकार असायला हवा तो हाताचा.

नाव नसले तरी पुष्पिका लिहिता येते, हे मग ध्यानात आले. गाव असते, साल असते, कातडे असते, नक्कल करणाऱ्याचा दोष असतो. मुलाला मी पुढच्या ओळी लिहून दाखवल्या :

“गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली. चैत्र, २००८. कातड्याची हलगी, जाळावर शेकलेली. काठीचे तीन ठोके, एकाच वादकाचे. वादकाचे नाव घरच्यांच्या इच्छेने लिहिलेले नाही. त्या वेळी न विचारता गाळले होते, तो दोष नक्कल करणाऱ्याचा.”

त्याने दोनदा वाचले. कार्डावरचे ठोके ऐकवा म्हणाला. ऐकले. मग म्हणाला, “तिसरा ठोका काठीचा न्हाई, डाव्या हातातल्या बारीक काडीचा हाय. तेवढं नीट करा.”

मी ते नीट केले. आता जो कोणी माझ्याकडे ते आवाज मागतो, त्याच्या कार्डावर आवाजांबरोबर या ओळींची फाइलही जाते.